प्रोग्राम उघडताच बंद पडला तर

वसतिगृहातील मुलांच्या याद्या आणि शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही लिब्रेऑफिसमध्ये ठेवतो. ते मोफत आहे. आपणांपैकीही अनेकजण ते वापरत असतील, म्हणून हे लिहितो.

अर्जाची मुदत संपत आली आणि प्रोग्राम उघडताक्षणी बंद पडू लागला, की माणूस घाबरून तो काढून पुन्हा टाकायला बसतो. हा खटाटोप पुष्कळदा वाया जातो. बिघाड बहुधा आपल्या सेटिंगच्या फोल्डरात असतो, आणि प्रोग्राम काढला तरी तो फोल्डर तसाच राहतो. मध्येच वीज गेली की त्यातली एखादी फाइल बिघडू शकते. पाड्यांवर वीज जाणे नित्याचेच!

आधी सेफ मोडमध्ये उघडून पाहा. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून ही सोय असून विंडोजच्या स्टार्ट मेनूत ती वेगळी दिसते. तिथे बाहेरून जोडलेली एक्स्टेन्शन्स आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करता येतात. जुन्या संगणकांवर एवढ्यानेही काम भागू शकते.

नाहीच भागले, तर प्रोग्राम बंद ठेवून ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात लिब्रेऑफिस, त्यात ४ आणि त्यातल्या ‘यूजर’ या फोल्डरचे नाव बदला. पुढच्या वेळी प्रोग्राम नवा फोल्डर तयार करतो. याद्या व अर्ज आपण सहसा दुसरीकडे ठेवतो, त्यांना धक्का लागत नाही.

जुना फोल्डर मात्र पुसू नका. शुद्धलेखन तपासताना आपण भर घातलेले शब्द, म्हणजे पाड्यांची नावे, मुलांची आडनावे, वारली शब्द, त्यातल्या ‘वर्डबुक’मध्ये असतात. तेवढा भाग नव्या फोल्डरात आणून ठेवावा.