रॅक सायकलींचा, कसोटी यतनेची

रविवारी पहाटे पनवेलहून कर्नाळ्याच्या किंवा गाढेश्वरच्या दिशेने निघालेल्या एखाद्या थारच्या पाठीशी दोन सायकली बांधलेल्या दिसतात. शहराच्या गर्दीतून मुलांना सायकलीने नेणे धोक्याचे, आणि द्रुतगती महामार्गावर तर दुचाकींना प्रवेशच नाही. म्हणून सायकली गाडीवर लादून मोकळ्या रस्त्यापर्यंत नेल्या जातात. त्यासाठी लागणारा रॅक अनेक गृहस्थ वेल्डिंगच्या दुकानात स्वतः उभे राहून बनवून घेतात. ही हौस स्तुत्य आहे; मात्र त्या रॅकच्या मागून कोणीतरी अनोळखी दुचाकीस्वार येत असतो, याचे विस्मरण होता कामा नये.

महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जीप जोडण्यास आरंभ केला. त्याच परंपरेतील थार २०१० साली बाजारात आली. या घडणीच्या गाड्यांत स्टेपनी मागच्या दारावर असते, आणि रॅक तिलाच अडकवण्याचा मोह होतो. परंतु दाराच्या बिजागऱ्या आधीच चाकाचा भार वाहत असतात. एक सायकल १५ किलोची धरली तरी दोन सायकली व रॅक मिळून सुमारे ४० किलो होतात. भरलेली बादली छातीशी धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच येथे लागू पडतो: भार जितका मागे, तितका सांध्यावर ताण अधिक, खड्ड्यात तो कित्येक पटींनी वाढतो. म्हणून रॅकचा पाया चासीलाच बोल्टने आवळलेला असावा.

४० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप यास पुरतो. त्याचे वजन मीटरला सुमारे साडेतीन किलो भरते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्डिंगसाठी टाळावा, कारण जस्ताचा धूर कारागिराच्या छातीस अपायकारक असतो. पाइपची तोंडे पत्रा लावून पूर्ण बंद करावीत. उघडी राहिल्यास कोकणचा पाऊस आत साचून गंज चढतो, शिवाय गांधीलमाश्या घर करतात आणि पुढे त्यांची हिंसा ओढवते. नंतर रेडऑक्साइड, रंग, आणि सायकल टेकेल तेथे जुन्या ट्यूबचे रबर.

नंबरप्लेट व मागचे दिवे झाकले जाऊ नयेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. म्हणून रॅक सुटा होणारा असावा आणि शंका असल्यास परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलताना व ठेवताना सावधान राहण्यास सांगते. निघण्यापूर्वी प्रत्येक पट्टा ओढून पाहणे, काही किलोमीटरवर थांबून बोल्ट पुन्हा तपासणे, ही त्याच यतनेची गृहस्थाश्रमातील रूपे होत.

अशा रॅकचा खरा लाभ निराळाच आहे. डांबरी रस्ता संपतो तेथे जीप थांबू शकते. ओल्या मातीत तिची रुंद चाके घालण्याची गरज उरत नाही. सायकलीच्या चाकाखालीही जीव येऊ शकतात, पण मंद गतीमुळे समोरची जमीन न्याहाळता येते. आणि चातुर्मासात, साधू-साध्वी एका स्थानी स्थिर असताना, पाऊलवाटा जीवांनी गजबजलेल्या असताना, रॅक घराच्या भिंतीवर टांगून ठेवणेच उचित.