बंदुकीची गोळी आणि मांडीचे हाड

आपल्या शरीरातील सर्वांत लांब आणि मजबूत हाड कोणते? मांडीचे. शास्त्रीय भाषेत त्याला ऊर्वस्थी म्हणतात. बंदुकीच्या गोळीने हे हाड मोडले तर शस्त्रवैद्य काय करतात, ते आज पाहू. विषय वैद्यकाचा खरा. पण मी भौतिकीचा शिक्षक असूनही तो निवडला, कारण त्यात तुमच्या पुस्तकातलेच नियम पावलोपावली भेटतात.

प्रथम गोळीचा विचार करू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे. पिस्तुलाची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने गेली, तर तिची ऊर्जा ४९० ज्यूल होते. रायफलची १० ग्रॅमची गोळी ८०० मीटर वेगाने गेली, तर ३,२०० ज्यूल! वस्तुमानात फरक थोडा, पण वेगाचा वर्ग होतो ना? ६५ किलोग्रॅमचा माणूस ५ मीटर उंचीवरून पडला, तर जमिनीवर आदळताना त्याची ऊर्जा जवळजवळ एवढीच असते.

यातली जेवढी ऊर्जा शरीरात उतरते, तेवढी इजा होते. हाडाच्या ठिकऱ्या उडतात. भोवतालचे मांस क्षणभर बाजूला फेकले जाऊन तात्पुरती पोकळी तयार होते आणि कपड्यांचे धागे व माती आत जातात. गोळी तापलेली असते म्हणून तिच्यावरचे जंतू मरतात, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मुद्दाम जंतू लावलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या, तेव्हा ते जंतू जिवंत राहिल्याचे आढळले.

आता दुसरे संकट. मांडीचे स्नायू फार बलवान. हाड शाबूत असते तोवर ते त्यांच्या ओढीला टेकू देते. हाड मोडले की स्नायू दोन्ही तुकडे एकमेकांवर ओढतात. मांडी आखूड आणि फुगीर होते. यात धोका कसला? गणित करून पाहा. मांडी हा ४० सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर त्रिज्येचा वृत्तचिती समजा. त्याचे घनफळ सुमारे ८,०४० घन सेंटिमीटर. आता लांबी ३६ सेंटिमीटर झाली, पण बाहेरच्या आवरणाचे क्षेत्रफळ तेवढेच राहिले, असे धरा. त्रिज्या ८.९ होते आणि घनफळ सुमारे ८,९४० घन सेंटिमीटर! म्हणजे जवळजवळ ०.९ लिटर जास्त जागा झाली. ती कशाने भरणार? रक्ताने. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्त असते सुमारे ५ लिटर. हा हिशेब ढोबळ आहे, पण धोका त्यावरून कळतो.

म्हणूनच पाय ओढून सरळ धरणे हा पहिला उपचार ठरतो. लिव्हरपूलचे अस्थिवैद्य ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांनी यासाठी एक साधी चौकट बनवली होती. वर जांघेत बसणारे कडे, पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी गज, आणि खालच्या टोकाला ताणून बांधलेले पाऊल. पाऊल खाली ओढले जाते, तेवढ्याच बलाने कडे बैठकीच्या हाडाला वर रेटते. न्यूटनचा तिसरा नियमच हा! बाहेर वजन टांगावे लागत नाही, म्हणून जखमीला चौकटीसह स्ट्रेचरवरून नेता येते.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी अशा उघड्या अस्थिभंगाने सुमारे ८० टक्के सैनिक दगावत, असे त्या काळचे शस्त्रवैद्य सांगत. थॉमस यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी या चौकटीचा पुरस्कार केला. ती अंधारातही बसवता यावी म्हणून स्ट्रेचरवाल्यांकडून डोळे बांधून सराव करून घेत. १९१७ साली फ्रान्समधील अरासच्या लढाईत मृत्यूचे प्रमाण सुमारे १६ टक्के नोंदले गेले. याचे सारे श्रेय चौकटीला देणे मात्र शास्त्रीय ठरणार नाही. याच काळात जखमेतील मेलेले मांस लवकर कापून काढणे आणि रक्त देणे, या गोष्टीही सुधारल्या होत्या.

पुढचे पाऊल जर्मनीतील कील येथे पडले. १९३९ च्या अखेरीस गेरहार्ट क्युन्चर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीतच पोलादी सळई ठोकली. हाड हे बांबूसारखे पोकळ, आणि सळई बरोबर मध्यभागी! त्यामुळे वाकवणारे बल हाड आणि सळई वाटून घेतात. महिनोन् महिने खाटेवर पडून राहायचे रुग्ण लवकर उठू लागले. युद्धकैदी मायदेशी परतले, तेव्हा क्ष-किरणांच्या चित्रात ही सळई पाहून तिकडचे डॉक्टर चकित झाले!

आज क्रम असा असतो: रक्तस्राव थांबवणे, पाय ताणून स्थिर करणे, प्रतिजैविके आणि धनुर्वाताची लस देणे, जखम धुऊन मेलेले मांस काढणे. गोळी कमी वेगाची असेल आणि जखम स्वच्छ असेल, तर लवकरच सळई बसवतात. ती हाडात गोल फिरू नये म्हणून वर-खाली आडवे स्क्रू घालतात. मांस फार चिरडले असेल, तर आधी बाहेरून चौकट लावतात आणि सळई नंतर घालतात. गोळी मात्र दर वेळी काढतातच असे नाही. ती सांध्यात असेल तर काढावीच लागते, कारण तेथील द्रवात शिसे हळूहळू विरघळते.

आपल्याकडे हीच चौकट आणि हीच सळई मोटारसायकलच्या अपघातात कामी येते. असा अपघात दिसला, तर जखमीला हातपाय धरून उचलू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा, मोडलेला पाय हलू देऊ नका आणि १०८ क्रमांकाला फोन करा. त्या ०.९ लिटरची आठवण ठेवा.