ताप उतरला, पण समुद्र अजून लांब

डेंग्यू, न्यूमोनिया किंवा एखाद्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या स्कुबा डाइव्हरला आजाराइतकाच त्रास देतो तो हातचा जाणारा हंगाम. सोबतचे लोक तारकर्लीला निघालेले असतात, मोबाइलवर त्यांचे पाण्याखालचे फोटो येत राहतात. मग मन वाटाघाटी सुरू करतं: ‘१० मीटरच्या आतच राहीन, एवढ्यात काय होतंय?’

हा सगळ्यांत धोकादायक गैरसमज. दाब सर्वाधिक पटीने बदलतो तो याच पहिल्या १० मीटरांत. समुद्राच्या पृष्ठभागावरचा दाब १० मीटरवर दुप्पट होतो. २० वरून ३० मीटरवर जाताना मात्र तो तिपटीचा चौपटच होतो. वर येताना हेच उलटं घडतं. १० मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून धरला, तर वर येईपर्यंत ती हवा फुप्फुसात दुप्पट जागा मागते. निरोगी माणूस सतत श्वास सोडत राहून हे टाळतो. पण न्यूमोनियानंतर एखादी बारीक श्वासनलिका कफाने अर्धवट बुजलेली असेल, तर श्वास अगदी नियमाने चालू असतानाही तेवढ्या भागात हवा कोंडते आणि फुप्फुस फाटू शकतं. ताप उतरल्याची तारीख याबद्दल काहीच सांगत नाही. ते सांगतात डॉक्टरांची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि दम न लागता व्यायाम करण्याची ताकद.

साध्या सर्दीचंही तसंच. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणारे बरेच असतात. गोळीचा असर पाण्याखालीच ओसरला, तर कानात आणि सायनसमध्ये प्रसरण पावणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. खाली जाताना कान दुखला तर डाइव्ह सोडून देता येते. वर येताना दुखला तर थोडं खाली जाऊन सावकाश येता येतं, पण सिलिंडरमधली हवा संपण्याआधी वर यावंच लागतं.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न तर पाण्याबाहेरच सुरू होतो. भरलेला नेहमीचा अॅल्युमिनियम सिलिंडर सुमारे १७ किलोचा असतो, आणि तो उचलताना भरत आलेल्या जखमेवर ताण येतो.

‘खंड पडला, सगळं विसरणार’ ही भीतीही अनाठायी आहे. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर डाइव्हिंग बंदच असतं, म्हणजे इथल्या प्रत्येक डाइव्हरला दरवर्षी काही महिन्यांचा खंड पडतोच. डाइव्हिंगचं मूळ प्रमाणपत्र सहसा बाद होत नाही. परतताना प्रशिक्षकासोबत तलावात उजळणी करावी: मास्कमधलं पाणी काढणं, निसटलेला रेग्युलेटर पुन्हा तोंडात घेणं, पाण्यात तरंगता तोल सांभाळणं.

घरातले महिनेही रिकामे नसतात. जुने व्हिडिओ लावून मासे ओळखता येतात, लॉगबुक पुरं करता येतं, प्रथमोपचाराचा अभ्यास होतो. पडून राहिलेल्या रेग्युलेटरचे रबरी भाग कडक होतात, तेव्हा त्याची सर्व्हिसिंगही याच काळात उरकावी.

आणि परतल्यावर बोटीपाशी आरोग्याचा फॉर्म हातात येईल तेव्हा आजार लपवू नका. पाण्याखाली तुम्हाला काही झालं, तर तुम्हाला वर आणताना तुमच्या जोडीदाराचाही जीव धोक्यात येतो.