गिटहबवर आपली किती जागा भरली, असे तपासा

विहाराच्या ग्रंथालयाची किंवा १४ एप्रिलच्या कार्यक्रमांची वेबसाइट आपले अनेक तरुण गिटहबवर मोफत चालवतात. कोडला जागा किरकोळ लागते. जागा खातात त्या स्कॅन केलेल्या ग्रंथांच्या पीडीएफ आणि दीक्षाभूमीचे फोटो. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेतच नाही, आणि गिटहब पेजेसवरची वेबसाइट १ जीबीच्या आत ठेवावी लागते.

खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'रिपॉझिटरीज' उघडा. प्रत्येक रिपॉझिटरीच्या नावाजवळ तिचा आकार दिसेल.

खरी गोम पुढे आहे. फाइल डिलीट केली तरी हा आकार कमी होत नाही, कारण गिट जुनी प्रत इतिहासात जपून ठेवते. ४० एमबीची स्कॅन पीडीएफ दोनदा दुरुस्त करून चढवली, की साधारण १२० एमबी गेले. (कार्यकर्त्यांच्या फोन नंबरांची यादी चुकून चढवून नंतर काढली असेल, तर तीही तिथेच असते!) 'गिट फिल्टर-रेपो' या साधनाने इतिहासातून फाइल काढता येते, मात्र आधी बॅकअप घ्या आणि सहकाऱ्यांना सांगा, त्यांना रिपॉझिटरी नव्याने उतरवून घ्यावी लागेल. यापुढे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर ठेवून वेबसाइटवर फक्त लिंक द्या.