तांबड्या केसांची ‘गंमत’

शाळेत असताना शेरलॉक होम्सची ती तांबड्या केसवाल्यांच्या मंडळाची गोष्ट मी मराठीतून वाचली होती. तुमच्यापैकीही पुष्कळांनी वाचली असेल. मूळ गोष्ट 1891 सालची. तांबड्या केसांच्या माणसांसाठी म्हणून एक नोकरी निघते. आठवड्याला चार पौंड पगार आणि काम काय, तर ज्ञानकोशाची पानं उतरवून काढायची! बिचारा विल्सन दुकानदार त्याला भुलतो आणि इकडे चोर त्याच्या तळघरातून बँकेपर्यंत भुयार खणतात.

मला त्यातली चोरी कळली, पण नोकरीच्या जाहिरातीपायी लंडनच्या रस्त्यावर तांबड्या डोक्यांची जी झुंबड उडते, ती काही डोळ्यांपुढे येईना. तांबडे केस म्हणजे माझ्या लेखी मेंदीचे केस. माझ्या आजोबांची दाढी दर पंधरा दिवसांनी तांबडी व्हायची आणि मग हळूहळू मुळाशी पांढरी दिसू लागायची. जन्मतःच तसे केस घेऊन येणारी माणसं असतात, हे फार उशिरा कळलं.

जगात अशी माणसं शंभरात एक किंवा दोन. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये मात्र साधारण दहात एक भेटतं. याचं कारण बऱ्याच अंशी एका जनुकात आहे. 1995 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. एमसीवनआर हे त्याचं नाव, मुक्काम सोळाव्या गुणसूत्रावर. केसांना काळा-तपकिरी रंग देणारं एक द्रव्य असतं आणि तांबूस-पिवळा रंग देणारं दुसरं. ‘काळं बनवा’ हा निरोप पेशींना पोचवायचं काम या जनुकाकडे आहे. निरोप्या दुबळा निघाला की तांबडं द्रव्य जास्त बनतं. त्वचाही गोरीपान, चेहऱ्यावर तांबूस ठिपके आणि ऊन अजिबात न सोसणारी. त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही या लोकांना अधिक असतो. (आपल्याकडे एखाद्या मुलाचे काळे केस भुरे-तांबूस होऊ लागले, तर आधी त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी करावी. प्रथिनं कमी पडली की केसांचा रंग उतरतो. ते दुखणं वेगळं.)

असं दुबळं जनुक बहुधा आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. दोघांचे केस काळे असले तरी ते दोघांत लपलेलं असू शकतं आणि मग एखादं मूल तांबड्या केसांचं जन्मतं. इथूनच थट्टेला सुरुवात होते. इंग्लंडात अशा बापाला दूधवाल्यावरून विनोद ऐकावे लागतात. मूल शाळेत गेलं की त्याचं नाव मागे पडतं आणि ते ‘जिंजर’ होतं. जिंजर म्हणजे आलं! आपल्या स्वयंपाकघरातलं आलं काही तांबडं नसतं, पण टोपणनावाला कोण पुरावा मागतो? कुणी ‘गाजर’ म्हणतं. ऑस्ट्रेलियात तर अशा माणसाला उलट ‘ब्लूई’, म्हणजे निळ्या, म्हणायची जुनी पद्धत आहे.

असे केस असले की गर्दीत लपता येत नाही. वर्गात खोडी दहा जणांनी काढली तरी मास्तरांना डोकं एकच दिसतं. अनोळखी बायका बसमध्ये केसांना हात लावून बघतात, खरे आहेत का विचारतात. शिवाय स्वभाव आधीच ठरलेला. तांबडे केस म्हणजे तापट. 1908 साली आलेल्या एका कॅनेडियन कादंबरीतली अ‍ॅन नावाची पोर, वर्गातल्या मुलानं ‘गाजर’ म्हणून चिडवल्यावर त्याच्या डोक्यात पाटी हाणते. आता ही पोर तापट म्हणून चिडली, की चिडवली म्हणून? हा प्रश्न कुणी विचारत नाही.

समज जुने आहेत. येशूला दगा देणाऱ्या यहूदाला युरोपातल्या जुन्या चित्रकारांनी कितीदा तरी तांबडे केस आणि दाढी दिली. बायबलात त्याच्या केसांबद्दल एक अक्षर नाही. पण चित्र पाहणाऱ्याला गुन्हेगार चटकन ओळखता आला पाहिजे ना!

अलीकडच्या काळात याचं नाव ‘गंमत’ आहे. 2005 साली एका अमेरिकी व्यंगचित्र मालिकेत, तांबड्या केसांच्या मुलांना आत्मा नसतो असं एक पात्र म्हणतं. हेतू पूर्वग्रहाचीच टर उडवण्याचा होता. पण नोव्हेंबर 2008 मध्ये कॅनडातल्या एका चौदा वर्षांच्या मुलानं त्यावरून फेसबुकवर ‘तांबड्या केसवाल्यांना लाथा मारायचा दिवस’ जाहीर केला आणि शाळांमधून पोरांना खरोखर लाथा बसल्या. पुढे त्या मुलानं माफी मागितली.

मोठी माणसंही मागे नाहीत. 2010 मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या उपनेत्या हॅरिएट हार्मन यांनी डॅनी अलेक्झांडर या मंत्र्याला भर सभेत ‘तांबडा उंदीर’ म्हटलं. याच बाई त्याआधी समानतेचं खातं सांभाळत होत्या. त्यांनी माफी मागितली. अलेक्झांडर यांनी गोड उत्तर दिलं होतं. आपल्याला केसांचा अभिमानच आहे, आणि उंदीर दुसऱ्यांनी केलेली घाण साफ करण्याचं मोलाचं काम करतात! ब्रिटनच्या समानता कायद्यानं ज्या गोष्टींवरून भेदभाव करायला मनाई केली आहे, त्यांत केसांचा रंग नाही. तांबड्या केसांपायी कुणाला घर नाकारलं, वस्ती जाळली, असं सहसा घडत नाही, हेही खरं. म्हणून तर तक्रार करणारा हास्यास्पद ठरतो.

मला हे थोडंसं समजतं. तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रम संपला की कुणीतरी प्रेमानं जवळ येतं, माझं नाव पुन्हा एकदा विचारून घेतं आणि म्हणतं, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” माझी आई मला मराठीतच रागवायची. पण समोरच्याच्या मनात काही वाईट नसतं, त्यामुळे रागावणार कशावर? मी ‘धन्यवाद’ म्हणतो. तिकडे तांबड्या केसांचा मुलगाही बहुधा हसून घेत असावा.

एक गोष्ट मात्र निव्वळ समज म्हणून सोडून देता आली नाही. या लोकांना भूल लवकर चढत नाही, असं भूलतज्ज्ञ आपसांत बोलायचे. 2004 साली अमेरिकेत लुईव्हिल इथे दहा तांबड्या आणि दहा काळ्या केसांच्या स्त्रियांवर ते तपासलं गेलं, तेव्हा तांबड्या केसांच्या स्त्रियांना भुलीचं औषध 19 टक्के जास्त लागलं. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत एवढा फरक आढळला नाही. तरी दातांच्या डॉक्टरकडे ‘अजून दुखतंय’ म्हणणाऱ्याला ‘तापट आहे’ म्हणून गप्प बसवण्याऐवजी त्याचं ऐकून घेतलं, तर बिघडत नाही.

2005 सालीच नेदरलँड्समध्ये बार्ट राउवेनहोर्स्ट या चित्रकारानं तांबड्या केसांच्या पंधरा मॉडेल हव्यात म्हणून जाहिरात दिली. आल्या दीडशे! होम्सच्या गोष्टीतली झुंबडच, फक्त इथे भुयार नव्हतं. चित्रं राहिली बाजूला, या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा ठरला आणि त्यातून दरवर्षीचा मेळावा उभा राहिला. आधी बरीच वर्षं ब्रेडा शहरात आणि 2019 पासून टिलबर्गमध्ये. जगभरातून माणसं येतात. 2013 साली तर 1,672 जण एका फोटोत उभे राहिले. आपल्या वर्गात, आपल्या गल्लीत जो एकटाच होता, त्याला तिथे कुणी वळून पाहत नाही. गर्दीत त्याचं मूल हरवलं, तर मात्र ‘तांबड्या केसांचं आहे’ असं सांगून भागत नाही.

त्या फोटोत फक्त जन्मतः तांबड्या केसांची माणसं घेतात. आमच्या आजोबांना बाजूला उभं राहून सगळ्यांचे कोट सांभाळावे लागले असते.