पगार चार रुपये, बळी एकशे चौदा

व्हिक्टोरिया राणीच्या काळात पुण्यात एक पोरगा महिना तीन रुपयांवर पारशांच्या क्रिकेट क्लबात पिच झाडायचा, रोलर फिरवायचा. त्याचं नाव पालवणकर बाळू. जन्म धारवाडचा, मूळ गाव कोकणातलं पालवण, वडील पलटणीत.

पुढे पूना क्लबात पगार एका रुपयाने वाढला आणि नेटमध्ये गोलंदाजीही करायला मिळाली. कॅप्टन ग्रेग हा तिथला नावाजलेला फलंदाज. बाळूंनी त्याला बाद केलं की तो दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. म्हणजे आठ बळी घेतले की महिन्याचा पगार सुटला! बॅट मात्र हाती कधी मिळाली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, चेंडू टाकायचे बाळूंनी.

तेव्हा संघ धर्मानुसार असत; हिंदू संघाने त्यांना घेतलं, कारण त्यांच्यावाचून जिंकणं कठीण होतं. पण ते चांभार समाजातले. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावायचे, आणि चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या कुल्हडात वेगळा चहा. हे वाचताना आजही संताप येतो.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडला गेला. संघ हरत राहिला, पण पस्तिशीच्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी टिपले. टेनिस बॉलने खेळणाऱ्या प्रत्येक डावखुऱ्या फिरकीवाल्याला हा आकडा पाठ असायला हवा.

शिवराम, गणपत, विठ्ठल हे भाऊही तसेच कसलेले. जातीवरून डावललं जातंय म्हणून १९२० मध्ये शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. कर्णधारपद बाळूंना कधी लाभलं नाही. १९२३ मध्ये ते विठ्ठल यांच्याकडे आलं आणि हिंदूंनी त्या वर्षी चार संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली.

पुढे बाळू राजकारणातही उतरले. दलितांच्या राखीव जागांबाबतच्या १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ मध्ये मुंबईत ते निवडणुकीला उभे राहिले. समोर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाळू सुमारे २००० मतांनी हरले.