माळ्यावरची बुरशी आणि दुकानाची पत

भिवापूर म्हटले की मिरची, हे विदर्भात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. येथील लालभडक, तिखट मिरचीला २०१६-१७ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतकरी, अडत्ये, सातऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बाया, दळणाची चक्की चालविणारे आणि मसाल्याचे किरकोळ दुकानदार अशा अनेकांची रोजी या एका पिकाशी बांधलेली आहे. यातील लहान दुकानदारांमध्ये आपले बांधवही आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे घर आणि गोदाम एकच असते. खाली संसार आणि वर माळ्यावर मिरचीची पोती! आज आम्ही लिहीत आहोत ते याच माळ्याविषयी.

पावसाळ्याच्या अखेरीस एका परिचित दुकानदाराच्या घरी आम्ही गेलो होतो. घरातील बाई कित्येक दिवसांपासून सांगत होत्या, "अहो, वरून कुबट वास येतो, एकदा बघा तरी." पण माळ्याचा मागचा कोपरा असा, की माणूस तेथे ताठ उभा राहू शकत नाही आणि पोत्यांमागे हातही पोहोचत नाही. शेवटी काठीला आरसा बांधला, बॅटरीचा उजेड टाकला आणि पाहिले. भिंतीवर काळे-हिरवे डाग पसरले होते, लाकडी वाशावर पांढरी लव चढली होती आणि भिंतीला टेकलेली दोन पोती खालून ओली होती. वरची मिरची मात्र अगदी लालचुटूक दिसत होती.

तेव्हा त्या गृहस्थांनी विचारले, "वरची निवडून घेतो, खालची उन्हात घालून दळून टाकतो. चालेल ना?" हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

दळलेली बुरशी नाहीशी होत नाही

मिरची, शेंगदाणा, मका अशा मालावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील बुरशीयुक्त शेंगदाणा पेंडीचा शोध घेताना या विषाचा पत्ता लागला. आपल्या देशात १९७४ साली राजस्थानचा बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. दीर्घकाळ थोडे थोडे पोटात गेले तरी हे विष यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते.

हे विष डोळ्यांना दिसत नाही. उन्हात वाळवून, झटकून किंवा फोडणीत तळूनही ते जात नाही. उलट दळल्यावर खराब माल चांगल्या मालात मिसळतो आणि दोष ओळखण्याची वाटच बंद होते. युरोपीय संघाने सुक्या मिरचीत एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे शंभर किलो मिरचीत अवघा एक मिलिग्रॅम. एवढ्या बारीक मापात दोन ओली पोती किती मालाची नासाडी करतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

माळा साफ कसा करावा

बुरशी हा रोग नव्हे, ओलाव्याची खूण आहे. म्हणून आधी पाणी कोठून येते ते शोधावे. फुटलेले किंवा सरकलेले कवेलू, तुंबलेली पन्हळ, शेजारच्या भिंतीतील ओल, न्हाणीघराची गळती यांपैकी काहीतरी सापडतेच. ते दुरुस्त न करता केलेली सफाई पुढच्या पावसात वाया जाते.

त्यानंतर मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क, चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत. खाली प्लास्टिकचा कागद अंथरून दार बंद करावे. कोरड्या झाडूने झाडू नये, पंखाही लावू नये, कारण बुरशीचे सूक्ष्म बीज उडून घरभर पसरतात. साबणाचे पाणी हलके शिंपडून डाग आधी ओला करावा. हात पोहोचत नसेल तेथे लांब बांबूला ब्रश किंवा फडके बांधून साबण व धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासावे आणि फडके वारंवार बदलावे. भिंतीचा पोपडा सुटला असेल तर खरवडून काढावा. वासा बोट दाबल्यावर मऊ लागत असेल तर तो बदलण्यावाचून इलाज नाही. डाग सुमारे दहा चौरस फुटांहून मोठा असेल तर जाणत्या माणसाकडून काम करून घ्यावे.

ब्लीचिंग पावडर फरशीवर उपयोगी पडते. लाकडात व गिलाव्यात मात्र ती वरचा डाग पुसते, पाणी आत मुरते आणि बुरशी पुन्हा उगवते. संडास साफ करण्याच्या अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनियात ती कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

धुतल्यानंतर माळा दोन-तीन दिवस उघडा ठेवून पूर्ण वाळवावा आणि मग ताज्या चुन्याचा हात द्यावा. ताज्या चुन्यात बुरशीला सहज वाढता येत नाही. यापुढे कोठे पाणी गळलेच, तर ती जागा २४ ते ४८ तासांच्या आत कोरडी करावी, म्हणजे बुरशीला मूळ धरायला वेळ मिळत नाही.

माल ठेवताना ओलावा ११ टक्क्यांहून अधिक नसावा. नीट वाळलेल्या मिरचीतील बिया हलवल्यावर वाजतात. पोती विटा-फळ्यांवर ठेवावीत आणि भिंतीपासून फूट-दीड फूट अंतर सोडावे. त्यामुळे हवा खेळते आणि मागे पाहताही येते.

नुकसान कोणाचे?

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तो आतून ओला लागला. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. पाऊस पडणे हा त्या विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ओल झाकणे हा होता.

त्या गृहस्थांना आम्ही ही हदीस आठवून दिली. ते काही वेळ गप्प राहिले. एका लहान दुकानदाराला दोन पोती ही थोडी रक्कम नव्हे. मग त्यांनी मुलाला हाक मारून विहिरीपासून दूर खड्डा खणायला सांगितले. जाळावी तर धुराचा त्रास, आणि गुरांना घालावी तर ते विष दुधात उतरते, म्हणून पुरणेच बरे. शेजारची पोतीही त्यांनी उघडून तपासली आणि ज्यांविषयी शंका होती ती विक्रीतून काढली.

आमच्या व्यापारी बांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पाऊस उघडताच एक दिवस माळ्यासाठी राखून ठेवावा. मृगाच्या आधी कवेलू तपासून घ्यावेत. आणि घरातील बाई वरून वास येतो म्हणत असतील, तर त्याच दिवशी शिडी लावावी.